टोकायला जाताय? हातात कोणती बाटली देतात ते आधी बघा

94,000 फोरिंट. आपले 23,406 रुपये. हंगेरीतल्या टोकाय गावात एका तळघरात मी स्वतः पिन दाबून हे पैसे दिले आणि दोन बाटल्या साखरपाणी घेऊन घरी आलो. इतके महिने लाजेने कुणाला आकडा सांगितला नव्हता.

आमचं घर निफाडचं, तीन पिढ्या द्राक्षबागेत गेल्या. म्हणूनच ते गाव बघायचं होतं. आपल्याकडे मणी सडला की घड फेकायचा. तिथं बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या संगमावर शरदात धुकं दाटतं, त्या ओलाव्यात मण्यांवर बुरशी चढते, मणी बेदाण्यासारखा सुकतो आणि त्याचीच ऑसू नावाची गोड वाइन होते. हा सगळा प्रदेश 2002 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

स्टेशनबाहेर एक माणूस भेटला, इंग्रजी छान. मोठी तळघरं बुकिंगशिवाय आत घेत नाहीत म्हणाला, आपल्या मित्राकडे घेऊन गेला. (गावात पायी फिरा, उघडी तळघरं दिसतात. स्टेशनवरच्या माणसामागे जाऊ नका.) तळघर खरं होतं, भिंतींवर काळी मऊ बुरशी होती. चवीला ओतलं तेही खरं होतं. आधी दर विचारला नाही, ही माझी चूक. मागून माणशी 9,000 लावले.

मग सहा पुत्तोन्योशच्या, म्हणजे जास्त गोडीच्या, दोन बाटल्या काढल्या, 38,000 ला एक. हा क्षण अजून झोपू देत नाही. चव दिली ती बाटली पांढऱ्या काचेची, अर्ध्या लिटरची होती. ऑसू तशाच बाटलीत येते, हे मी वाचून गेलो होतो! मला दिलेल्या बाटल्या हिरव्या, पाऊण लिटरच्या. लेबलचा एक कोपरा ओला होऊन सुटलेला. ही म्हणाली, "अहो, या बाटल्या वेगळ्या दिसतायत." मी म्हणालो, "अगं, जुना माल असेल." लगेच त्याने त्या कागदात गुंडाळल्या. युरोपातल्या लेबलवर भरणाऱ्याचं नाव, अल्कोहोलचं प्रमाण आणि किती मिली हे छापावंच लागतं. तिथं फक्त शाईने लिहिलेलं वर्ष होतं. दीड तास तळघरात उभं राहून, पोटात वाइन गेल्यावर कोण लेबल वाचतं?

मशीनवर फोरिंट की रुपये असं आलं, त्यानेच बोट पुढे करून रुपये दाबले. त्याच रकमेला माझ्या बँकेच्या दराने साडेएकवीस हजारांच्या आसपास लागले असते. परदेशात कायम स्थानिक चलनच निवडा, आणि मशीन स्वतःच्या हातात घ्या.

संध्याकाळी मुक्कामाच्या मालकीणबाईंनी एक बाटली बघितली, उघडली, वास घेतला आणि मान हलवली. पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, पावती कुठे? माझ्याकडे फक्त कार्डाची चिठ्ठी. भाव तुम्हाला मान्य होता, तुम्ही पिन टाकलात, हा ग्राहकांचा विषय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी जा, असं भाषांतराच्या अ‍ॅपवर दाखवलं. आमची परतीची गाडी दुसऱ्या सकाळी सातला! मी जिल्ह्याला कधी जाणार? मागाहून अर्ज पाठवला, त्याला उत्तर नाही. आणि आपली बँक? चार ईमेल, सहा फोन. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. सात कामकाजाचे दिवस थांबा म्हणतात आणि पाचव्या दिवशी "व्यवहार पिनने झाला आहे" असं लिहून तक्रार बंद करतात. अरे, पिन मीच टाकला, ते मीच सांगतोय! माल खोटा निघाला त्याचं काय? फोटो मागितले, दिले. ते उघडून तरी बघितले का?

छापील पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकू नका. बाटलीचा फोटो तिथेच, त्याच्यासमोर काढा.

तक्रार मी तिसऱ्यांदा उघडली आहे. दुसरी बाटली बूच न काढता कपाटात ठेवली आहे, लेबलसकट.