बॅटरी कोणाची जास्त टिकते: हायब्रिडची की इलेक्ट्रिकची?

नवी गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "आणि बॅटरी गेली तर?" प्रश्न रास्त आहे. फक्त दोन्ही गाड्यांत बॅटरी वेगवेगळ्या तऱ्हेने म्हातारी होते, आणि निर्णय घेताना हाच फरक कामाचा आहे.

आधी आकार बघा. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, बॅटरी जेमतेम 0.76 किलोवॉट-तासांची असते. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची, मोठी बॅटरी 45 ची, म्हणजे जवळपास साठपट.

हायब्रिडची बॅटरी दिवसभर राबते. सिग्नलला ब्रेक दाबला की भरते, गाडी हलली की रिकामी होते. तरी ती टिकते, कारण गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही, पूर्ण उतरूही देत नाही. 1997 मध्ये जपानात प्रियस आली तेव्हापासून टोयोटा हेच करत आली आहे. अडचण अशी, की ही बॅटरी थकत चालल्याचं सहसा जाणवत नाही. अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं, आणि मग एक दिवस डॅशबोर्डवर वॉर्निंग येते.

ईव्हीचा साधा हिशेब करू. एका चार्जमध्ये 300 किमी धरले, तर 1,60,000 किमीला पूर्ण चार्ज होतात 530 च्या आसपास. नेक्सॉनमधल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलना हजारांच्या घरातली चार्जिंग पेलतात. म्हणजे रनिंगने बॅटरी संपेल ही भीती मला अनाठायी वाटते. तिला खातात ते ऊन आणि वय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सुरुवातीच्या निसान लीफची रेंज फार लवकर घटली आणि 2012 मध्ये त्यावरून गदारोळ झाला. त्या बॅटरीला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून थंड ठेवण्याची सोय, नव्हती. आपल्याकडे अकोला-चंद्रपूरचा मे महिना 45 अंशांवर जातो, तेव्हा ईव्ही घेताना लिक्विड कूलिंग आहे का, हे सनरूफच्या आधी विचारा. भर दुपारी रोज फास्ट चार्जिंग टाळा, गाडी सावलीत लावा.

हायब्रिडलाही उष्णता बाधतेच. बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा केबिनमधली हवा बॅटरीकडे ओढतो. त्याची जाळी बहुधा मागच्या सीटपाशी असते आणि नेमकी तिच्यावर पिशवी नाहीतर चादर पडलेली असते. जाळीत धूळ साचली की बॅटरी तापते. सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या, पैसे वाचतील.

वॉरंटी दोन्हीकडे साधारण 8 वर्षे किंवा 1,60,000 किमी. काही ईव्हींवर आता 'लाइफटाइम' मिळते. टाटांच्या अटींत त्याचा अर्थ पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षे, तीही पहिल्या खासगी मालकाला. वॉरंटीनंतर मात्र ईव्हीचा अख्खा पॅक बदलणं हा फार मोठा खर्च. हायब्रिडचा त्यामानाने बराच कमी.

माझं मत: घरी चार्जिंग आणि सावलीतलं पार्किंग असेल, रोजचं रनिंग भरपूर असेल, तर बॅटरीच्या धास्तीने ईव्ही सोडू नका. गाडी उन्हातच उभी राहणार आणि बारा-पंधरा वर्षं ठेवायची असेल, तर हायब्रिड घ्या. सेकंड हँड ईव्ही घेताना बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट आणि वॉरंटी आपल्या नावावर होईल का, हे दोन्ही लेखी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.