‘लेट’ म्हणजे सोडणं की अडवणं? जुन्या इंग्रजीच्या दोन मोफत कोशांची पारख

भारतीय पासपोर्टच्या आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते: या व्यक्तीला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं. शाळेत शिकलेला ‘लेट’, म्हणजे होऊ देणे, इथे बसवला तर वाक्याचा अर्थच लागत नाही. हा लेट म्हणजे अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून बरोबर चौकोनात पडली की पंच पुकारतो तोही हाच. अशी जुळ्यासारखी दिसणारी इंग्रजी शब्दांची जोडी सोडवायला एटिमॉनलाइन (इंग्रजी शब्दांच्या उगमाचा कोश) आणि बॉसवर्थ-टॉलर (फक्त जुन्या इंग्रजीचा कोश) ही दोन संकेतस्थळं उत्तम आहेत. दोन्ही मोफत आहेत, पण एकट्यावर विसंबलात तर फसाल.

सुरुवात एटिमॉनलाइनपासून करावी. अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा कोश आजच्या स्पेलिंगने शोधता येतो, हा त्याचा मोठा फायदा. शब्द टाकल्यावर पहिलीच नोंद वाचून थांबू नका; शब्दापुढच्या कंसातलं क्रियापद की नाम, एक की दोन, हे आधी पाहा. ‘क्लीव्ह’च्या दोन नोंदी आहेत. एकीचा अर्थ चिरणे, दुसरीचा चिकटणे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 पूर्वीच्या इंग्रजीत, पहिला क्लेओवन होता आणि दुसरा क्लिवियन. मुळं वेगळी, रूपं पुढे एकमेकांत मिसळली.

‘लेट’ची गोष्ट याहून मजेशीर आहे. होऊ देण्याचा लॅऽतन आणि अडवण्याचा लेत्तन हे जुन्या इंग्रजीतले दोन स्वतंत्र शब्द. लेत्तनचा मूळ अर्थ उशीर करवणे. म्हणजे आपली गाडी ‘लेट’ होते तो लेट या अडथळ्याचा सख्खा भाऊ! आणखी मागे गेलं तर सोडणारा आणि अडवणारा दोघेही ‘सैल सोडणे’ अशा अर्थाच्या एकाच मुळाशी पोचतात, असं एटिमॉनलाइन दाखवतं. मुळाआधी तारांकन असलं की ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेने बांधलेलं आहे, असं समजायचं.

मराठी वाचक इथेच घसरतो. ‘बेअर’ म्हणजे वाहणे. नोंदीत संस्कृत ‘भरति’ दिसतो आणि लगेच ‘इंग्रजी संस्कृतातून आली’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. नोंदीतलं संस्कृत रूप चुलत भाऊ म्हणून दिलेलं असतं, बाप म्हणून नव्हे. (‘बेअर’ म्हणजे अस्वल हा तर निराळाच शब्द.) उलट, इंग्रजी ‘बॅड’ आणि बदनाम, बदलौकिक यांतला फारसी ‘बद’ यांचा अर्थ आणि उच्चार जुळूनही नातं काहीच नाही.

एटिमॉनलाइनची खरी उणीव अशी की बऱ्याच नोंदींत स्वर दीर्घ असल्याची खूण नसते. जुन्या इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, आपल्या दिन आणि दीनसारखाच. देव म्हणजे गॉड, ऱ्हस्व. चांगला म्हणजे गोऽड, दीर्घ. दोघांची व्युत्पत्ती वेगळी. चांगल्याचं मूळ जुळणे, जोडणे या अर्थाचं. देवाचं मूळ ‘ज्याला हाक मारतात तो’, म्हणजे संस्कृत ह्वे धातूचं नातलग, की ‘ज्याला आहुती ओततात तो’, म्हणजे हु धातूचं, यावर वाद आहे. आणि हो, त्या गोऽडचा आपल्या गोडाशी काही संबंध नाही.

ही खूण पाहायला बॉसवर्थ-टॉलर उघडावा. मुख्य खंड 1898 चा, पुरवणी 1921 ची, आणखी भर 1972 ची. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने सगळं एकत्र शोधण्याजोगं केलं आहे. इथे आजचं स्पेलिंग चालत नाही. एटिमॉनलाइनमधून जुनं रूप उचलून टाकायचं. दीर्घ स्वरावर आडव्या रेघेऐवजी तिरकी रेघ असते, आणि ‘थ’साठी थॉर्न (þ) व एथ (ð) अशी दोन अक्षरं आहेत; एकाने नोंद मिळाली नाही तर दुसऱ्याने पाहा. प्रत्येक अर्थाखाली जुन्या ग्रंथांतली वाक्यं अनुवादासह मिळतात. एवढ्यासाठीसुद्धा हा कोश वापरावा. पहिल्या काही अक्षरांचं मुख्य खंडातलं काम मात्र कच्चं आहे, तिथे पुरवणी वाचल्याशिवाय अर्थ पक्का धरू नये. व्युत्पत्तीही त्रोटकच.

सर्वांत जास्त चुका ‘गे’ या उपसर्गामुळे होतात. ‘साउंड’ म्हणजे धडधाकट, त्याचं जुनं रूप ‘गेसुंड’. नुसतं ‘सुंड’ शोधलंत तर पोहणे आणि समुद्र हाती येतात. सामुद्रधुनीचा ‘साउंड’ त्याच कुळातला. आवाजाचा ‘साउंड’ तर इथे शोधूच नका. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे, 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, इंग्रजीत शिरला, आणि त्याच्या शेवटचा ‘ड’ही मागाहून चिकटलेला आहे.