गच्चीवरील स्वीट कॉर्नचा संच: पिशव्या उत्तम, बियाणे आणि माहितीपत्रक मात्र अपुरे

रत्नागिरी परिसरातील एका रोपवाटिकेत घरी स्वीट कॉर्न पिकवण्यासाठी तयार संच विकला जातो. त्यात २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशा चार ग्रो बॅग, ५ किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, १० किलो गांडूळ खत, बियाण्याची एक पुडी, कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली आणि एक छापील पत्रक असते. किंमत हजार-बाराशेच्या घरात आहे. मी हा संच घेऊन घराच्या गच्चीवर पीक काढले आहे, आणि कोकणात राहणाऱ्या ज्यांना असा संच घ्यावासा वाटतो त्यांना काही गोष्टी आधी कळाव्यात असे मला मनापासून वाटते. थोडक्यात मत असे की, पिशव्या डोळे मिटून घ्याव्यात, बियाणे दुसरीकडून आणावे आणि पत्रक आपल्या हवामानासाठी लिहिलेले नाही हे ध्यानात ठेवावे.

पिशव्यांपासून सुरुवात करतो, कारण संचातील सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. जाड विणीच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या या पिशव्यांना दुहेरी शिलाई आहे, चारही बाजूंना पकडायला पट्टे आहेत आणि पाण्याचा निचरा होण्यासाठी तळाशी धातूच्या कड्या बसवलेली भोके आहेत. कापडाला नुसती कात्री लावून पाडलेली भोके वर्षभरात उसवतात. कड्या असल्यामुळे ते येथे होत नाही. मक्याची मुळे खोलवर जाण्यापेक्षा आडवी पसरतात आणि झाड मोठे झाले की खालच्या पेरांतून आधारमुळे फुटून मातीत शिरतात. त्यामुळे या पिकाला उंच आणि अरुंद कुंडीपेक्षा अशी बुटकी, ऐसपैस पिशवी अधिक मानवते. एका पिशवीत चार झाडे नीट वाढतात. पाच-सहा लावण्याचा मोह होतो, पण मग कणसे बारीक राहतात.

भरावाच्या बाबतीत मात्र ग्राहकाने स्वतः हिशेब करावा. या मापाची एक पिशवी साधारण १०० लिटरहून थोडे अधिक मिश्रण घेते, म्हणजे चार पिशव्यांना ४०० लिटरच्या वर भराव लागतो. ५ किलोची कोकोपीटची वीट भिजून ७० ते ७५ लिटर होते. त्यात गांडूळ खत धरले तरी संचातील सामग्रीने एक पिशवीसुद्धा काठोकाठ भरत नाही. उरलेली माती आपल्याला आणावी लागते आणि ही गोष्ट पत्रकात कोठेही सांगितलेली नाही. एका अर्थी हे बरेच आहे, कारण नुसत्या कोकोपीटमध्ये पुरुषभर उंचीचा मका समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात उभा राहत नाही. निम्मी जांभ्याची तांबडी माती, पाव भाग कुजलेले शेणखत आणि पाव भाग कोकोपीट असे मिश्रण वजनदार होते आणि निचराही चांगला राहतो. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, रोपाला मिळू देत नाहीत. रोप लहान असताना पानांच्या कडा जांभळट दिसू लागल्या तर बहुतेक वेळा कारण हेच असते. भराव करतानाच पिशवीमागे मूठभर हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट मिसळलेले चांगले. कोकोपीट वापरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार राहिलेले असू शकतात. भरलेली, भिजलेली पिशवी शंभर किलोच्या वर जाते, म्हणून चारही पिशव्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा भिंत जेथे खाली आहे तेथे, विटांवर टेकवून ठेवाव्यात. ज्यांचे घर कौलारू आहे त्यांनी त्या अंगणात किंवा परसात ठेवल्या तरी पीक तेवढेच चांगले येते. सहा ते आठ तास ऊन मिळाले की पुरे.

आता बियाण्याविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तेथे आहे. संचातील पुडी ही मोठ्या पाकिटातून काढून साध्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेली आहे. तिच्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणक्षमतेची टक्केवारी किंवा मुदत यांपैकी काहीही नाही. बियाणे कायदा, १९६६ खाली बियाण्याच्या पाकिटावर हा तपशील छापण्याची पद्धत उगीच पडलेली नाही, आणि स्वीट कॉर्नच्या बाबतीत तर त्याची गरज साध्या मक्याहूनही अधिक असते. साध्या मक्याचा दाणा पिठाने भरलेला, गुळगुळीत असतो. स्वीट कॉर्नचे वाळलेले बी सुरकुतलेले आणि हलके असते, कारण त्यात साखरेचे पिठात रूपांतर नीट होत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी दाणा आक्रसवणाऱ्या एका जनुकाचा गोडीसाठी उपयोग दाखवून दिला आणि त्यातून आजचे अतिगोड संकरित वाण निघाले. या वाणांच्या बियात अंकुराला पुरणारा शिधाच कमी असतो. त्यामुळे बी जुने झाले, खोल पडले किंवा चिखलात राहिले तर ते उगवत नाही, कुजते. संचातील पुडीतले जेमतेम निम्मे बी उगवले. नंतर बाजारातून आणलेल्या लेबल असलेल्या पाकिटातील बी त्याच मिश्रणात, त्याच पिशव्यांत लावले तेव्हा आठवडाभरात जवळपास सगळे वर आले. बी अडीच-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल लावू नये, एका जागी दोन टाकावीत आणि चार पाने आल्यावर अशक्त रोप कात्रीने कापून टाकावे, उपटू नये.

वाण निवडताना एवढेच पाहावे की बी पुढच्या हंगामासाठी राखायचे आहे की नाही. संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. माधुरी किंवा प्रिया यांसारखे संमिश्र वाण मिळाले तर त्यांचे बी राखता येते. शेजारी कोणी साधा मका लावला असेल आणि तो त्याच सुमारास फुलणार असेल, तर आपण दोन-तीन आठवडे मागेपुढे पेरावे. साध्या मक्याचा पराग अतिगोड वाणाच्या कणसावर पडला, तर त्याच कणसातले दाणे पिठूळ होतात.

पत्रकातील सर्वांत चुकीचा सल्ला पेरणीच्या वेळेचा आहे. ‘पावसाळ्याच्या सुरुवातीस पेरावे’ असे त्यात छापले आहे आणि रोपवाटिकेतील मुलानेही मला तेच सांगितले होते, "काका, पहिला पाऊस पडला की टाका बी, मक्याला काय लागतंय!" घाटावर हे ठीक आहे. रत्नागिरीत मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दिवसचे दिवस ऊन नसते आणि नेमका तुरा येण्याच्या वेळी संततधार असली की पराग भिजून तुऱ्यातच राहतो. झाड हिरवेगार दिसते, कणीसही धरते, पण सोलून पाहावे तर आत दाणे तुरळक. कोकणात पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत भातकापणीनंतर स्वीट कॉर्न घेतात, ते याच अनुभवातून. गच्चीवरही ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत पेरणी करावी. आपल्याकडे थंडी सौम्य असल्यामुळे वाढ थांबत नाही, आकाश निरभ्र असते आणि मार्चचा उन्हाळा तापण्यापूर्वी कणसे हातात येतात.

पत्रकावरील चित्रात चारही पिशव्या कठड्यालगत एका ओळीत मांडलेल्या आहेत. दिसायला ते सुरेख आहे, पण मक्यासाठी घातक आहे. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते; शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग झडतो आणि खाली कणसाच्या टोकाशी आलेल्या केसांवर पडावा लागतो. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरत नाही. एका ओळीतली झाडे असली की वाऱ्याची झुळूक पराग सरळ गच्चीबाहेर घेऊन जाते. आमच्याच आळीत एकांनी हा संच चित्राप्रमाणे मांडला होता, त्यांच्या कणसांना बोळक्यासारख्या फटी राहिल्या. चारही पिशव्या एकमेकींना चिकटवून चौरस मांडल्या तर चार ओळींत चार-चार अशी सोळा झाडांची दाट वस्ती तयार होते. आपल्या किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा जमिनीकडून आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून वाहतो. चौरसात वारा कोणत्याही बाजूने आला तरी पराग शेजारच्या झाडाला मिळतो. दव सुकल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुऱ्याखाली उभे राहिले तर पानाच्या मधल्या पन्हळीत हळदीसारखी पिवळी पूड साचलेली दिसते. त्या वेळी तुरे हलकेच हलवावेत, किंवा एक तुरा कापून पिशवीभर फिरवून सगळ्या केसांवर झटकावा. आठवडाभर रोज दोन मिनिटे एवढे केले की कणीस टोकापर्यंत भरते.

खताबद्दल पत्रक म्हणते की गांडूळ खत पुरेसे आहे. ते पुरत नाही. मका हे खादाड पीक आहे आणि त्याला नत्र (नायट्रोजन) भरपूर लागते. खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आली की समजावे की नत्र कमी पडते आहे. एका झाडाला संपूर्ण हंगामात चमचाभर युरिया, तोही रोप गुडघ्याएवढे झाल्यावर आणि तुरा येण्यापूर्वी अशा हप्त्यांत पाण्यात विरघळवून दिला तर चालतो. ज्यांना रासायनिक खत नको त्यांनी पेंड भिजवून तिचे पाणी दर आठवड्याला द्यावे.

कडुनिंबाच्या तेलाची बाटली मात्र खरोखर उपयोगी पडली. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आता गच्चीवरचा मकाही सोडत नाही. पानावर पांढरट पारदर्शक चट्टे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की ती आत आहे. डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. सोळाच झाडे असल्यामुळे संध्याकाळी पोंगे उघडून अळ्या वेचणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तेलाची फवारणी अंडी व लहान अळ्या असतानाच करावी. माकडे आणि वानरांचा उपद्रव असलेल्या वाड्यांत केस सुकू लागताच पिशव्यांवर जाळी घालणे अपरिहार्य आहे, आणि संचाच्या किमतीत ती धरावी.

केस आल्यापासून सुमारे वीस दिवसांनी, ते तपकिरी आणि कोरडे झाले की एका कणसाचे साल किंचित मागे सारून दाण्याला नख लावावे. पाण्यासारखा रस आला तर थांबावे, दुधासारखा आला तर त्याच दिवशी तोडावे, पिठासारखा घट्ट असेल तर उशीर झाला आहे. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात तोडल्यापासून साखरेचे पीठ होऊ लागते, अतिगोड वाणात ही क्रिया बरीच मंद असते. तरीही झाडावरून काढून थेट उकळत्या पाण्यात टाकलेल्या कणसाची चव बाजारातल्या कणसाला येत नाही, आणि माझ्या मते घरी मका लावण्याचे हेच एकमेव भक्कम कारण आहे. सोळा झाडांवर सोळा चांगली कणसे मिळतात. पैशांच्या हिशेबाने पहिल्या वर्षी हा व्यवहार तोट्याचाच आहे.

म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर पूर्ण संच न मागता चार पिशव्या आणि कडुनिंबाचे तेल सुटे मागावे. माझ्या माहितीत ते सुटे देतात. बियाणे कृषी सेवा केंद्रातून लेबल वाचून घ्यावे. पिशव्या तीन-चार हंगाम सहज टिकतात. मका निघाल्यावर त्याची धाटे बारीक करून त्याच मातीत मिसळावीत आणि तेथे चवळी लावावी. मक्याने खाल्लेल्या नत्रापैकी थोडे तरी ती परत मातीत आणते.