लघवीतलं रक्त दाखवणारी दहा चौकोनांची पट्टी: कुणी घ्यावी, कुणी नाही

औषधांच्या दुकानात लघवीची पट्टी मागितली की पुष्कळदा 'युरिस्टिक्स' हातात पडते. तिच्यावर दोनच चौकोन असतात, साखर आणि प्रथिनं. रक्तासाठी तिचा काही उपयोग नाही. 'मल्टिस्टिक्स १० एसजी' किंवा तशी दहा चौकोनांची पट्टी हवी. नाव कुठलंही असो, बाटलीवरच्या रंगतक्त्यात 'ब्लड' अशी ओळ आहे ना, हे काउंटरवरच बघून घ्या.

रक्ताच्या चौकोनात पेरॉक्साइड आणि टेट्रामिथाइलबेन्झिडीन ही दोन रसायनं असतात. लालपेशींतलं हिमोग्लोबिन लागलं की त्यांची क्रिया होते आणि पिवळा चौकोन हिरवा, मग गडद निळा होतो. लालपेशी शाबूत असतील तर हिरवे ठिपके उठतात, फुटलेल्या असतील तर सगळा चौकोन एकसारखा रंगतो. एका मायक्रोलिटरमध्ये ५ ते २० लालपेशी असल्या तरी पट्टी पकडते. डोळ्यांना लघवी लाल दिसण्याच्या कितीतरी आधीची ही पायरी आहे, आणि एवढ्या साध्या वस्तूकडून हे काम खरोखर चांगलं होतं.

पण पट्टी ओळखते ते हिमोग्लोबिन, लालपेशी नव्हे. अंग चिरडून किंवा अतिश्रमाने स्नायू फुटले की त्यांतलं मायोग्लोबिनही तोच रंग देतं. ब्लीचने धुतलेल्या भांड्यात नमुना घेतला, किंवा पाळीचं रक्त मिसळलं, तरीही पट्टी रंगते. उलट व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज चालू असतील तर काही पट्ट्यांवर असलेलं रक्तही दिसत नाही. आयोडेट हे रसायन घातलेल्या पट्ट्यांना हा त्रास कमी होतो. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं.

वापरताना चुका होतात त्या वेळेच्या आणि दमटपणाच्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी कोरड्या स्वच्छ भांड्यात घ्या आणि ताजी असतानाच तपासा. पट्टी जेमतेम एक सेकंद बुडवा, कड भांड्याच्या काठावर ओढून थेंब निथळा आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनातलं रसायन शेजारच्यात उतरतं. रक्ताचा रंग साधारण ६० सेकंदांनी, चांगल्या उजेडात, तक्त्याशी जुळवून वाचा. दोन मिनिटांनंतर बदललेल्या रंगाला अर्थ नाही. बाटली बाथरूममध्ये किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, पट्टी काढली की झाकण लगेच लावा. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे फारच सांभाळावं लागतं. न वापरलेला चौकोनच 'निगेटिव्ह'च्या रंगाशी जुळत नसेल तर ती बाटली टाकून द्या.

पट्टी रंगली म्हणजे निदान झालं नाही. पुढची पायरी 'युरिन रुटीन', म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. ४०० पट मोठं करून पाहताना एका क्षेत्रात (एका वेळी दिसणाऱ्या गोलात) ३ किंवा अधिक लालपेशी दिसल्या तरच ते रक्त धरतात. जंतुसंसर्ग असेल तर कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी), उपचार आणि नंतर पुन्हा तपासणी. ही शेवटची पायरी सर्रास राहून जाते. प्रथिनं जात असतील, लालपेशी वेड्यावाकड्या आकाराच्या असतील किंवा मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्या जमून झालेले साचे (कास्ट) दिसत असतील तर रोख मूत्रपिंडाच्या गाळणीकडे, आणि रुग्ण नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडे. बाकीचे युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या सर्जनकडे.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची २०२० ची मार्गदर्शिका वय, सिगारेटचा इतिहास आणि लालपेशींची संख्या यांवरून धोका ठरवते. क्षेत्रात २५ हून अधिक पेशी, किंवा कधीही डोळ्यांना दिसलेलं रक्त, म्हणजे जास्त धोका: सीटी युरोग्राफी (मूत्रपिंडं आणि मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) आणि दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी. मध्यम धोक्यात सीटीऐवजी सोनोग्राफी चालते, दुर्बीण मात्र सहसा टळत नाही, कारण मूत्राशयातली छोटी, चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. लवचिक दुर्बीण भूल देणारी जेली लावून काही मिनिटांत होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून तपासणी टाळू नये.

पट्टीचा सगळ्यात घातक वापर असा: एकदा लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी पट्टी कोरी आली, 'उन्हाळी लागली असेल' म्हणत धने-जिऱ्याचं पाणी सुरू. मूत्राशयाच्या कर्करोगातलं रक्त बहुधा न दुखता येतं आणि मध्येच थांबतं. डोळ्यांनी रक्त दिसलं असेल तर कोऱ्या पट्टीला किंमत देऊ नका. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर झाली की कोरी पट्टी धीर देते, पण तो रंग त्याच गोष्टीचा आहे हे पक्कं असेल तरच.

आयजीए नेफ्रोपथीसारख्या (मूत्रपिंडाच्या गाळणीच्या) आजारात डॉक्टरांनी घरी नोंद ठेवायला सांगितलेल्यांना आणि लहान दवाखान्यांना ही बाटली घेण्यासारखी आहे. एरवी घरात एकदोनदा बघायचं म्हणून १०० पट्ट्या घेऊ नका. उघडलेल्या बाटलीची मुदत काही महिन्यांचीच असते. त्यापेक्षा लॅबमध्ये 'युरिन रुटीन' करा. रक्त धारेच्या सुरुवातीला, शेवटी की पूर्ण वेळ, आणि रक्ताच्या गाठी होत्या का, हे पट्टी सांगत नाही. डॉक्टर हे पहिल्यांदा विचारतात, तेव्हा ते त्याच दिवशी लिहून ठेवा. रक्ताच्या गाठींनी लघवी अडलीच तर पट्टीची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.