तांब्याचा बंब: हुरड्याच्या मोसमातल्या शेतमुक्कामासाठी

पाहुण्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब घ्यावा का? घ्यावाच. चार खोल्यांपर्यंतच्या शेतमुक्कामाला ४० लिटरचा तांब्याचा बंब हिवाळा निभावून नेतो. मात्र नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी चोचीतून पडणारा घ्या, खाली तोटी असलेला नको. तोटीच्या बंबातलं पाणी उपसत गेलं की मधल्या, जाळाच्या नळ्याचा वरचा भाग कोरडा पडतो, पत्रा तापतो आणि सांध्यांना दिलेली झाळ सुटते. ओतायच्या बंबात गार पाणी तळाशी जातं, गरम वर राहतं, पातळी ढळत नाही.

विजेच्या गिझरशी हिशोब करून बघा. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला २ किलोवॅटच्या गिझरला साधारण २२ मिनिटं लागतात. शेतातल्या लाईनला दाब १८० व्होल्टवर आला की तेच काम ३५ मिनिटांच्या पुढे जातं, आणि तीन खोल्यांत तीन गिझर एकदम लागले तर दाब आणखी पडतो. सोलर मराठवाड्याच्या निरभ्र हिवाळ्यात चांगलं चालतं, पण पाहुणे संध्याकाळी शिवारातून धुळीने माखून येतात आणि रात्रीच टाकी रिकामी करतात. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावूच नका; त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो.

बंब पहाटे ५ ला पेटवला तर पाऊण तासात पहिलं पाणी ६५ अंशांच्या आसपास येतं. अर्धी बादली गरम, अर्धी गार धरली तर ७ पर्यंत दहाएक आंघोळी होतात आणि ५ किलोच्या आसपास वाळलेलं जळण लागतं. वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला वीसजण मुक्कामी असतील तर दुसरा बंब हवा. एकाच बंबात जाळ वाढवून भागत नाही, धूर तेवढा वाढतो.

जळणाची आपल्याकडे ददात नाही. पेटवायला तुराट्या, धग धरायला पऱ्हाट्या आणि बाभळीचं लाकूड, रात्री निखारा टिकवायला गोवरी. पण यंदाच्या पऱ्हाट्या उपटल्या उपटल्या घालू नका. ओल्या काडीचा धूर खोलीत शिरतो आणि पाहुण्यांच्या गोधड्यांना वास लागतो. गेल्या वर्षीचं जळण पत्र्याखाली राखून ठेवावं.

खरेदी करताना तांबं वजनावर घेताय हे विसरू नका. जाळी आणि पाय लोखंडाचे असतात. ते काढून वजन करायला लावा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. पत्रा २० गेजचा मागा. २४ गेजचा पातळ असतो, त्याला लवकर पोचे पडतात. मग बंब काठोकाठ भरून तासभर कागदावर ठेवा. झाळ कच्ची असेल तर कागद ओला होतो. लोखंडी बंब स्वस्त पडतो, पण बोअरच्या पाण्याने गंजतो आणि बादलीत तांबूस पाणी येतं.

सगळ्यात मोठी चूक बसवताना होते. वरच्या टाकीचा पाईप थेट बंबाला जोडून गरम पाण्याच्या बाजूला कॉक बसवतात. हे कधीही करू नका. बंब दाब सोसायला बनवलेलाच नसतो. कॉक बंद राहिला आणि जाळ चालू असला की वाफ कोंडते आणि बंब फुटतो. चोच कायम उघडी हवी.

जागा न्हाणीघराबाहेर, कडब्याच्या बनीमीपासून (गंजीपासून) लांब आणि तिच्याकडे वारा जाणार नाही अशी. भोवती कमरेएवढा कठडा घाला. उबेला वासरं आणि शेळ्या येऊन टेकतात, आणि शहरातली पोरं त्यांच्या मागे येतात. राख लोखंडी घमेल्यात दिवसभर निवू द्या, मगच कोंबड्यांच्या धूळआंघोळीच्या खड्ड्यात टाका.

हाच बंब गोठ्यालाही उपयोगी पडतो, आणि आमच्या मते त्याची अर्धी किंमत इथेच वसूल होते. थंडीत गार पाणी जनावर कमी पितं, आणि पाणी कमी गेलं की दूध उतरतं. देवणी असो की लाल कंधारी, ताज्या व्यालेल्या गाईला कोमट पाणी द्यावं. कास धुवायलाही तेच. मेंढ्या असतील तर मात्र रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी त्यांना पाजू नका, मेंढीला तांबं सोसत नाही.

आता त्रासाचं. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी जड, नळ्यावर क्षाराचा थर लवकर बसतो. जळण जास्त लागायला लागलं आणि आतून कटकट आवाज आला की थर बसला समजा. ४० लिटर कोमट पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड दोन तास ठेवा, उपसून टाका, दोनदा धुवा. हे पाणी जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नका. मोसमात महिन्यातून एकदा पुरतं. बाहेरून चिंच आणि मीठ.

आणि पहाटे ५ ला उठणारं माणूस लागतं. ते ठेवणं जमत नसेल तर सोलर घ्या, बंब नको.