रेषा आखलेली लहान मुलांची ताटली: वाढण्यासाठी उपयोगी, संपवण्यासाठी नको

एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकली जाणारी ही तीन कप्प्यांची सिलिकॉनची ताटली आमच्या घरात दोन मुलांच्या रोजच्या जेवणात वापरली जाते. धाकटा दीड वर्षाचा आहे आणि थोरली चार वर्षांची. ताटलीचा मुख्य गुण म्हणून उत्पादकाने जो सांगितला आहे, तो म्हणजे कप्प्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या दोन उठावदार रेषा. खालची रेषा १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी, वरची ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. तिथपर्यंत वाढले की मुलाला पुरेसे अन्न मिळते, असे सोबतची पुस्तिका म्हणते. या एका विधानावरच ताटलीचे मोल ठरते, म्हणून ते आधी तपासले.

१५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने पाणी घालून पाहिले, तेव्हा दोन लहान कप्प्यांत खालच्या रेषेपर्यंत प्रत्येकी दोन चमचे आणि वरच्या रेषेपर्यंत पाच चमचे पाणी मावले. मोठ्या कप्प्यात याच्या बरोबर दुप्पट. बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात तो एक सोपा ठोकताळा असा, की प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे असा एक चमचा, या हिशेबाने सुरुवातीला वाढावा. या ठोकताळ्याला खालची रेषा चांगली जुळते. वरची रेषा मात्र पाच वर्षांच्या मुलालाच जुळते. तीन वर्षांच्या मुलासाठी ती अंमळ जास्तच आहे. तीन आणि पाच या वयांना एकच रेषा देणे, ही या ताटलीची पहिली उणीव.

दुसरी उणीव ‘पुरेसे’ या शब्दात आहे. खालच्या रेषेपर्यंत तिन्ही कप्पे भरले, तर एकूण १२० मिलिलिटर अन्न होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात १२ ते २३ महिन्यांच्या बाळासाठी एका जेवणाला २५० मिलिलिटरची वाटी पाऊण ते पूर्ण, असे प्रमाण दिलेले आहे, आणि अशी जेवणे दिवसातून तीन ते चार, शिवाय मधले एक-दोन वेळचे खाणे. दोन्ही आकड्यांत विरोध दिसत असला तरी तो खरा नाही, कारण चमच्यांचा ठोकताळा पहिल्यांदा वाढण्याचा आहे आणि वाटीचे प्रमाण जेवण संपेपर्यंत साधारण किती पोटात जाईल याचे आहे. मधले अंतर मुलाने मागून घ्यायचे असते. पुस्तिकेत ‘रेषेपर्यंत वाढा आणि मागितले तर पुन्हा वाढा’ एवढे एक वाक्य असते, तर आक्षेपाला जागा उरली नसती. शिवाय हे प्रमाण घट्टसर अन्नाचे आहे. पातळ पेज त्याच रेषेपर्यंत भरली, तर पोट भरते पण ऊर्जा फारच कमी मिळते, आणि हा फरक कोणतीही रेषा दाखवू शकत नाही.

ताटलीचा खरा फायदा मुलापेक्षा वाढणाऱ्याला होतो, हे मी आवर्जून सांगेन. मोठ्यांच्या ताटात मुलाला वाढताना आपला हात नकळत सैल सुटतो. लहान कप्प्यात तो आपोआप आवरतो. याला संशोधनाचा आधार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांनी, समोर कमी वाढले काय किंवा जास्त वाढले काय, साधारण तेवढेच खाल्ले. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र जास्त वाढल्यावर जास्त खाल्ले. २००३ च्या अभ्यासात मुख्य पदार्थ दुप्पट वाढला, तेव्हा मुलांनी तो सुमारे २५ टक्के अधिक खाल्ला, आणि तो वाढीव भाग घासांची संख्या वाढून नव्हे, तर घास मोठे झाल्यामुळे पोटात गेला होता. मुलांना स्वतः वाढून घेऊ दिल्यावर हे खाणे पुन्हा कमी झाले. म्हणून थोरलीला आम्ही लहान पळी देऊन तिचे तिलाच वाढून घ्यायला सांगतो. उठावदार रेषा तिच्या बोटाला लागते आणि कुठे थांबायचे याचा तिला अंदाज येतो. या वापरात ताटली उत्तम आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एका प्राण्याचे चित्र आहे आणि ताटली रिकामी केली की तो प्राणी भेटतो, असे मुलाला सांगावे, अशी पुस्तिकेची सूचना आहे. एकदा थोरलीने चमचा खाली ठेवला, पाणी प्यायली, खुर्ची मागे सारली. तेवढ्यात भाताखालून माशाची शेपटी तिला दिसली आणि तिने पुन्हा चमचा उचलला. पोट भरल्याची जाणीव तिला स्पष्ट झाली होती आणि चित्राने ती मोडून काढली. लहान मुलांकडे जन्मतःच असलेली ही जाणीव जपणे हे ताटलीच्या मापापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी केलेली जबाबदारीची वाटणी मला इथे फार योग्य वाटते: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. तोंड फिरवणे, ओठ घट्ट मिटणे, घास गालात धरून ठेवणे, अन्न नुसते चिवडत बसणे, ही सगळी ‘पुरे’ म्हणण्याचीच रूपे आहेत आणि पुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नाही.

पहिल्या वाढदिवसानंतर मूल एकाएकी कमी खाऊ लागते आणि पालक घाबरतात, त्या काळात तर रिकाम्या ताटलीचा आग्रह अधिकच त्रासदायक ठरतो. पहिल्या वर्षात जन्माचे वजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढते, त्यामुळे भूक मंदावणे स्वाभाविक आहे. मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या संशोधक लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा एकेका जेवणातले प्रमाण खूप कमीजास्त झाले, पण दिवसभराची एकूण ऊर्जा बरीच स्थिर राहिली. आमच्या धाकट्याचेही तसेच आहे. सकाळी दोन घासांवर उठणारा हाच मुलगा संध्याकाळी खालच्या रेषेपर्यंतचे संपवून पुन्हा मागतो. जेवणाआधी भरपूर दूध प्यायले असेल, तर मात्र रेषेजवळ काहीच पोहोचत नाही.

बाकी घडण चांगली आहे. कप्प्यांच्या भिंती सरळ उभ्या असल्याने मुलाला अन्न भिंतीला टेकवून चमच्यात घेता येते आणि धाकटा त्यामुळे स्वतःच्या हाताने बराच जेवतो. तळाची पकड गुळगुळीत टेबलावर घट्ट बसते, खडबडीत लाकडावर लगेच सुटते. तेलकट पदार्थांचा वास सिलिकॉनमध्ये राहतो. गरम पाणी आणि साबणाने लगेच धुतली तर तो जाणवत नाही.

अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या किंवा वजन न वाढणाऱ्या मुलासाठी या रेषांवर विसंबू नये. त्यांच्या आहाराचे प्रमाण डॉक्टरांनी वजन-उंचीचा तक्ता पाहूनच ठरवायला हवे. इतर मुलांसाठी ताटली घ्यायला हरकत नाही, फक्त ती वाढण्याचे माप म्हणून वापरावी. हीच ताटली तळाशी चित्र नसलेल्या एकरंगी प्रकारातही मिळते. रेषा त्यावरही याच आहेत, म्हणून तीच घ्यावी.