जुन्या हॉटेलचं भित्तिचित्र: रंगवायचं की आझुलेजो लावायचं?

पणजीचं मांडवी हॉटेल १९५२ चं, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शन सोहळ्याच्या वर्षातलं. अशा वास्तूची आठवण गावातल्या भिंतीवर आणायची, तर रंग की आझुलेजो (म्हणजे चित्र काढून भाजलेल्या पोर्तुगीज पद्धतीच्या झिलईदार टाइल्स) हे बजेटच्या आधी त्या भिंतीला विचारा.

भिंत चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) आणि चुन्याच्या गिलाव्याची असेल तर तिच्यावर थेट टाइल चिकटवू नका. चिरा पाणी ओढतो आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. टाइल ती वाट अडवते, मागे लोणा साठतो आणि झिलई कडेकडेने सुटायला लागते. अ‍ॅक्रिलिकचा जाड थरही इथे फुगतो. चुन्यावर ओल बाहेर जाऊ देणारा सिलिकेट रंगच बरा. शंका असेल तर दीड फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून १६ तास ठेवा. आत थेंब दिसले तर काम पुढे ढकला.

सिमेंटच्या नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या, मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक. गेरू, पिवडी टिकतात. भडक गुलाबी उन्हात आधी उडतो. काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच उरका.

आझुलेजोसाठी पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतलं पोर्तुगीज टाइल-चित्रकार जोर्ज कोलासो यांचं १९३५ चं काम जरूर बघा, पण ते छपराखाली आहे हेही बघा. ६ बाय ३ मीटरच्या चित्राला १५ सेंटिमीटरच्या ८०० टाइल्स लागतात. कोबाल्टचा खरा निळा भट्टीतून आल्यावरच दिसतो, आणि चुकलं तर खोडता येत नाही, ती टाइल नव्याने करावी लागते. म्हणून चौकटी आखतानाच जपा: सांधा चेहऱ्यावरून किंवा १९५२ च्या आकड्यांतून जाऊ देऊ नका, हॉटेलच्या खिडक्यांच्या कडा मात्र सांध्यावर आणा. प्रत्येक टाइलच्या मागे ओळ आणि क्रमांक भाजण्याआधीच घाला. लावताना गवंड्याला भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवरही अ‍ॅडहेसिव्ह ओढायला सांगा. नंतर ठोकून बघा, पोकळ वाजली की काढायची. जमिनीलगतचे ६० सेंटिमीटर मोकळे सोडा, पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात.

आमचं मत: पश्चिमेची उघडी भिंत असेल तर रंगच, कारण पावसाळ्यानंतर तो दुरुस्त करता येतो. छपराखालच्या कोरड्या भिंतीवर आझुलेजो, शंभर टक्के. भिंत चिऱ्यांचीच आहे आणि आझुलेजोही हवाच, तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या चौकटीवर सिमेंट बोर्ड बसवून मागे २५ मिलिमीटर हवा खेळती ठेवा. पूर्ण आकाराचं रेखाटन पंचायतीत किंवा पालिकेत जपून ठेवा. टाइल फुटली की त्याच्यावरूनच नवी काढायची असते.